डाग पाहिलेत, गळा पाहिलात का?

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अंगावरील पांढऱ्या डागांविषयीची पत्रे लगेच ओळखू येतात. त्यांवर सहसा पाठविणाऱ्याचे नाव नसते. ‘एक वाचक’, ‘एक चिंताग्रस्त पिता’ अशी सही असते आणि शेवटी दोनच प्रश्न असतात. डाग जातील का? मुलीचे लग्न जमेल का? गेल्या महिन्यात आलेले एक पत्र मात्र निराळे होते. लिहिणाऱ्या बाईंना बारा वर्षांपासून कोड आहे. त्यांनी लिहिले होते, की डागांचे आता काही वाटत नाही. पण वर्षभर अंगात त्राण नसते, केस गळतात, इतरांना उकडत असतानाही गार वाटते. याचा कोडाशी काही संबंध असेल का? घरच्यांचे म्हणणे, तू मनाला फार लावून घेतेस. दवाखान्यात विचारले तर उत्तर मिळाले, कोड हे कातडीपुरतेच असते, आतल्या शरीराशी त्याचे काही देणेघेणे नाही.

देणेघेणे असू शकते. नेहमीच असते असे नाही, पण असू शकते, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग शोधून काढायला एक साधी रक्ततपासणी पुरते. असे असूनही हा प्रश्न रुग्णालाच विचारावा लागतो, डॉक्टर आपणहून काढीत नाहीत, हे मला खटकते. कोडाच्या बाबतीत घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, सोयरीक जुळविणाऱ्यांचे आणि पुष्कळदा वैद्यकीय व्यावसायिकांचेही डोळे डागांवरच खिळलेले असतात. डाग किती वाढला, चेहऱ्यावर आला का, बाहीखाली झाकतो का, एवढीच चौकशी होते. भूक कशी आहे, पाळी वेळेवर येते का, वजन वाढले का, हे कोणी विचारीत नाही.

आधी नावाविषयी. जुनी माणसे या आजाराला श्वेतकुष्ठ म्हणतात आणि त्या एका शब्दाने फार नुकसान केले आहे. कोडाचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि तिथला स्पर्श बहुधा कळेनासा होतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, पण तिथे टाचणी टोचली तर इतर जागेइतकीच टोचते. एका ताटात जेवल्याने, एकमेकांचे कपडे वापरल्याने किंवा लग्नसंबंधाने कोड लागत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानेही ते होत नाही. तसे असते तर दह्यातले मासे आवडीने खाणाऱ्या बंगालात ते घरोघरी दिसले असते.

आजार दुर्मिळ म्हणावा असाही नाही. जगभरात दोनशे माणसांत एक ते पन्नास माणसांत एक, या दरम्यान त्याचे प्रमाण धरले जाते. साधारण निम्म्या रुग्णांना तो वयाच्या विसाव्या वर्षाआधीच दिसू लागतो. म्हणजे शाळा-कॉलेजचे आणि लग्नाचे वय नेमके गाठतो.

आता त्याचे मूळ. कातडीतील रंगपेशी मेलॅनिन नावाचे द्रव्य बनवितात, त्यामुळे आपल्याला रंग येतो. जंतूंशी लढण्यासाठी शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा असते. कोडात या यंत्रणेतील काही पांढऱ्या पेशी रंगपेशींनाच शत्रू समजून मारून टाकतात. राखणीला ठेवलेल्या कुत्र्याने घरच्याच कोंबड्या धराव्यात, तसा हा प्रकार. मग साहजिकच प्रश्न येतो, की असा कुत्रा कोंबड्यांवरच थांबतो का? बहुतेकांच्या बाबतीत थांबतो. काहींच्या बाबतीत मात्र तो गोठ्यातही शिरतो, आणि सर्वांत जास्त वेळा शिरतो तो गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत.

ही शंका वैद्यकशास्त्राला फार जुनी आहे. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील थॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथींच्या रोगावर पुस्तक लिहिले. त्या रुग्णांच्या वर्णनांतही अंगावरच्या पांढऱ्या डागांची नोंद सापडते. अलीकडे, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत कोड असलेल्यांच्या सख्ख्या भावंडांपैकी सुमारे ६ टक्क्यांना कोड आढळले. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला कोड असताना दुसऱ्यालाही ते असण्याचे प्रमाण फक्त २३ टक्के निघाले. म्हणजे ‘घराण्यात कोड आहे’ म्हणून सगळे घराणेच नाकारणाऱ्यांचा हिशेब कच्चा आहे. पण त्याच पाहणीत दुसरीही एक गोष्ट दिसली. रुग्णांमध्ये आणि त्यांच्या जवळच्या रक्ताच्या नात्यात थायरॉईडचे विकार इतरांपेक्षा जास्त होते. घराण्यातून उतरते ती बहुधा प्रतिकारयंत्रणेची ही खोड. ती कुठे प्रकट होईल, किंवा होईलच का, हे ठरलेले नसते.

थायरॉईडविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळे महत्त्व तिथेच आहे. मराठीत हिला अवटू ग्रंथी म्हणतात, पण तो शब्द पुस्तकातच राहिला. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते आणि तिच्या रसावर सबंध शरीराचा वेग अवलंबून असतो. प्रतिकारयंत्रणेने तिच्यावर हल्ला केला, की ती बहुधा हळूहळू मंदावते. २०१२ साली अनेक ठिकाणच्या पाहण्या एकत्र करून काढलेल्या हिशेबानुसार कोड असलेल्या शंभरांपैकी सुमारे चौदा जणांना अशा प्रकारचा थायरॉईडचा विकार असतो. कोड नसलेल्यांच्या तुलनेत हे प्रमाण दुपटीहून जास्त आहे. वय वाढेल तसे ते वाढते आणि बायकांत अधिक दिसते.

ग्रंथी मंदावली की माणूस सुस्तावतो. खाणे तेवढेच असून वजन चढते, शौचाला साफ होत नाही, आवाज जाडा होतो, कातडी कोरडी पडते, केस विरळ होतात, पाळीत रक्तस्राव जास्त होतो, थंडी सोसत नाही, बोललेले लक्षात राहत नाही, आणि मन उदास होते. क्वचित उलटही घडते. ग्रंथी अति वेगाने चालू लागते, तेव्हा वजन उतरते, छातीत धडधडते, हात कापतात, झोप उडते. आता हीच यादी कोड असलेल्या तरुण मुलीच्या बाबतीत वाचून पाहा. उदास आहे? असणारच, डाग आहेत ना. घराबाहेर पडत नाही? लाजते. केस गळतात? काळजीने. वजन वाढले? घरात बसून. प्रत्येक लक्षणाला डागांचे दुःख हे तयार उत्तर मिळते आणि आजार आत मुकाट्याने वाढत राहतो.

आमच्या तालुक्यातील एका शाळेवर शिकविणाऱ्या सव्वीस वर्षांच्या तरुणीचे असेच झाले होते. डागांवरून ठरलेले लग्न मोडले आणि त्यानंतर काही महिन्यांनी ती अबोल झाली. वर्गात खुर्चीवर बसल्या बसल्या डुलकी लागू लागली. दोन वर्षे तिला ‘टेन्शन’च्या गोळ्या चालू होत्या. भाऊ तिला माझ्याकडे टॉनिक लिहून घेण्यासाठी घेऊन आला होता. तिचा आवाज ऐकून मी गळा चाचपला, तर ग्रंथी किंचित वाढलेली होती. टीएसएच तपासणीचा आकडा साठाच्या पुढे निघाला, जो निरोगी माणसात साधारण चार-साडेचारच्या आत असतो. रोज सकाळी एक थायरॉक्सिनची गोळी सुरू केली. चार महिन्यांनी ती पुन्हा उभी राहून शिकवू लागली. लग्न मोडल्याचे दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. ते होतेच. पण त्या दुःखाच्या आड ग्रंथीचा आजार दोन वर्षे लपून राहिला. तिची आई मात्र मला म्हणाली, “डॉक्टर, पोरगी हिंडू-फिरू लागली, पण डाग तसेच राहिले की हो.” राहणारच होते. थायरॉईडची गोळी ग्रंथीची उणीव भरून काढते, गेलेला रंग परत आणीत नाही. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर डाग जात नाहीत म्हणून लोक गोळीच बंद करतात.

लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर ही तपासणी टाळणे मला अक्षम्य वाटते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी काम करीत नसते. मेंदूच्या वाढीसाठी त्याला आईच्याच ग्रंथीचा रस लागतो. आईची ग्रंथी मंद असेल आणि ते कळलेच नसेल, तर गर्भपाताचा धोका वाढतो आणि बाळाच्या बौद्धिक वाढीलाही बाधा येऊ शकते. मुलाच्या अंगावर डाग येतील का, म्हणून सासरची मंडळी नऊ महिने धास्तावलेली असतात. त्या काळजीतली थोडी या तपासणीकडे वळली तर उपयोग होईल.

प्रत्येक पांढऱ्या चट्ट्यासाठी हा खटाटोप नको, हेही सांगायला हवे. पाठी-छातीवरची शिबे बुरशीमुळे होतात. लहान मुलांच्या गालांवरचे फिकट ठिपके आपोआप जातात. त्यांना कॅल्शियमची कमतरता समजून बाटल्या पाजण्याची गरज नसते. टिकलीच्या गोंदातील किंवा रबरी चपलेतील रसायनाने त्या त्या जागी रंग जातो, तोही प्रकार वेगळा. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे उमटून थांबणारे कोड असते, त्यात थायरॉईडची भीती बरीच कमी. दोन्ही हात, दोन्ही गुडघे, ओठ, डोळ्यांभोवती, परकराच्या नाडीखाली, असे दोन्ही बाजूंना उमटणारे आणि पसरणारे कोड असेल, तर मात्र गळ्याकडे पाहावे.

थायरॉईडच्या मानाने इतर सोबती कमी वेळा येतात. डोक्यात चाई पडणे त्यांपैकीच. तीही प्रतिकारयंत्रणेचीच करणी. काहींना लहान वयात इन्सुलिन लागणारा मधुमेह होतो, काहींना सांधेवात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे शाकाहारी घरांत सर्रास असते, पण कोड असलेल्यांपैकी काहींच्या जठरात ते शोषून घेण्याची सोयच बिघडलेली असते. तेव्हा हातापायांना मुंग्या येत असतील, जीभ लाल गुळगुळीत झाली असेल, तर दूध-दही वाढवून भागत नाही. इंजेक्शने किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या घ्याव्या लागतात. अॅडिसन यांच्या नावाने ओळखला जाणारा रोग अगदी क्वचित दिसतो, पण तो फसवा आहे. त्यात उरलेली कातडी, तळहाताच्या रेषा, हिरड्या काळवंडतात, रक्तदाब उतरतो, खारट खावेसे वाटते. अंग काळवंडू लागले म्हणून रंग परतला असे समजून कोणी आनंद मानू नये.

रंगपेशी फक्त कातडीत असतात हाही एक गैरसमज. त्या डोळ्याच्या आतल्या पडद्यांत असतात, मेंदूच्या आवरणात असतात आणि कानाच्या अगदी आतल्या शंखातही असतात. कानातल्या रंगपेशींचा रंगाशी नव्हे, ऐकण्याशी संबंध आहे. तेथील द्रवांतील क्षारांचा तोल राखायला त्या मदत करतात. कोड असलेल्या काही जणांना वरच्या पट्टीतले बारीक आवाज थोडे कमी ऐकू येतात असे तपासण्यांत आढळले आहे. बहुतेकांना ते जाणवतही नाही. पण कानात सारखा आवाज येत असेल किंवा बोलणे नीट कळत नसेल, तर श्रवणतपासणी करून घ्यावी. डोळ्यांचेही तसेच. नजरेला सहसा धक्का लागत नाही. मात्र व्होग्ट, कोयानागी आणि हाराडा या तीन डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा एक आजार आहे, आणि तो आपल्यासारख्या सावळ्या लोकांत जास्त दिसतो. त्यात आधी डोके जोरात दुखते, कानात आवाज येतो, दोन्ही डोळे लाल होऊन अंधुक दिसू लागते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी भुवया-पापण्या पांढऱ्या होऊन अंगावर डाग येतात. इथे क्रम महत्त्वाचा. डोळे आधी बिघडतात. लवकर उपचार झाले तर दृष्टी वाचते. डोळे आले आहेत म्हणून घरातले थेंब घालीत बसले तर ती जाऊ शकते.

एक चांगली बातमीही आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. मेलॅनोमा नावाचा रंगपेशींचा जो घातक कर्करोग असतो, तो कोड असलेल्यांना इतरांपेक्षा कमी होतो. प्रतिकारयंत्रणा रंगपेशींवर सतत डोळा ठेवून असते, त्याचा हा फायदा असावा.

आता थोडे कडू. माझ्या पाहण्यात कोडामुळे आतून खंगलेल्या माणसांपेक्षा कोडाच्या औषधांनी खंगलेली माणसे कमी नाहीत. बावचीचे बी हे जुने औषध आहे, त्यात तथ्यही आहे. त्यातील सोरालेन हे द्रव्य उन्हाच्या साहाय्याने रंगपेशी जागवते. पण मात्रेचा अंदाज न घेता बावचीचे तेल लावून भर उन्हात बसलेल्या मुलांच्या अंगावर भाजल्यासारखे फोड आलेले मी पाहिले आहेत, आणि बावचीचे चूर्ण महिनोन्महिने पोटात घेतल्याने यकृताला सूज आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दुसरा प्रकार स्टिरॉइडचा. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. जे. एस. पसरिचा यांनी पसरते कोड रोखण्यासाठी आठवड्यातून फक्त दोन दिवस स्टिरॉइड देण्याची पद्धत रूढ केली. उरलेले पाच दिवस मोकळे सोडण्यामागे शरीराला कमीत कमी इजा व्हावी हाच हेतू होता. आपल्या बाजारातल्या ‘खात्रीच्या’ पुड्यांत काय आहे ते कोणीच लिहिलेले नसते. पुडीने चेहरा गोल झाला, भूक बेसुमार वाढली, साखर आणि रक्तदाब चढला, तर त्यात स्टिरॉइड असल्याचा संशय घ्यावा आणि पुडी एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवावी. एकाएकी बंद करण्यातही धोका असतो.

तिसरा प्रकार पथ्याचा. लिंबू नको, आवळा नको, चिंच नको, टोमॅटो नको, दूध नको, दही नको, मासे नकोत, मीठ कमी. याने कोड थांबते याला आधार नाही. वाढत्या वयाच्या मुलीचे ताट असे रिकामे करत गेले, की तिचे रक्त कमी होते, आणि मग तो अशक्तपणाही कोडाच्याच नावावर जमा होतो. याउलट नवी औषधे खरोखर आली आहेत. ठराविक तरंगलांबीच्या किरणांचा उपचार मोठ्या शहरांत मिळतो. प्रतिकारयंत्रणेचा हल्ला त्या जागेपुरता थोपविणारे रुक्सोलिटिनिब हे मलम अमेरिकेत २०२२ साली मान्य झाले. ती सगळ्यांना लागू पडतात असे नाही, पण निदान त्यांचे गुणदोष छापील स्वरूपात उपलब्ध असतात.

मनाविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. सध्या एवढेच, की पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने कोड असलेल्यांना एकमेकांशी बोलते करण्याचे मोठे काम केले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा ‘नितळ’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून पाहावा.

माझे हे म्हणणे काही व्यवसायबंधूंना पटत नाही. त्यांचे म्हणणे, आधीच डागांनी पिचलेल्या कुटुंबाला थायरॉईडचे आणखी एक भूत कशाला दाखवायचे? एका वडिलांनी तर मला मुलीच्या कागदावर थायरॉईडचा उल्लेख करू नका, अशी विनंती केली होती. “कोड दिसते ते दिसते. हे तरी झाकलेले राहू द्या,” असे ते म्हणाले. त्यांची अडचण मला कळते. पण कागदावर न लिहिल्याने ग्रंथी सुधारत नाही, आणि हा विकार तर असा, की एका स्वस्त गोळीवर माणूस सर्वसामान्य आयुष्य काढतो. कोडापेक्षा तो कितीतरी सोपा आहे. शिवाय शंभरातल्या पंचाऐंशी जणांचा अहवाल स्वच्छच येणार आहे. तोही दिलासा थोडा नाही.

तेव्हा दोन्ही बाजूंना उमटणारे कोड असेल, तर निदान झाल्यावर एकदा टीएसएच करावे. थायरॉईडविरोधी अँटीबॉडीजही तपासता आल्या तर उत्तम. त्या आढळल्यास दरवर्षी टीएसएच पाहावे. त्या नसतील तर वर सांगितलेली लक्षणे दिसल्यावर, आणि दिवस राहिल्याचे कळताच. ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची हजारो रुपयांची पॅकेजेस घेण्याचे कारण नाही. टीएसएचसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही. मात्र केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तपासणीआधी किमान दोन दिवस त्या थांबवा, कारण काही यंत्रांवर त्यामुळे आकडा चुकीचा येतो. आणि थायरॉक्सिन सुरू झालेच, तर गोळी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने, आणि गरोदरपणात मिळणाऱ्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात.